दोन ओंजळी पाणी

सौंसरच्या बसस्टँडपासून जामसांवलीच्या फाट्यापुढे ठेवलेल्या पांढऱ्या ड्रमपर्यंत सायकलचं चाक किती वेळा फिरतं, हे मला एकेकाळी तोंडपाठ होतं. चाकाच्या एका आरीला मी लाल चिंधी बांधली होती. ती वर आली की एक. असं मोजत मी आठ किलोमीटर जायचो, आठ यायचो. तीनदा मोजलं, कारण दर वेळी आकडा वेगळा यायचा आणि माझ्या जिवाला चैन पडायची नाही. रस्त्यावरचे लोक हसायचे. "चाक मोजून राहिला का भाऊ, की डोकं?" असं एका टांगेवाल्यानं विचारलंही होतं.

हे सगळं मी एका माणसासाठी करतोय, असं तेव्हा मी सांगायचो. तो माणूस आमच्या संत्र्याच्या बागेत पाणी द्यायच्या कामावर होता. आमचं गाव मोहगावजवळ. आम्ही दोघं एका वयाचे, आठवीपर्यंत एका वर्गात. पुढे तो कामाला लागला आणि मी छिंदवाड्याला कॉलेजात गेलो, दुसऱ्या वर्षाला दोनदा नापास झालो आणि घरी आलो. माझ्या वडिलांसमोर, म्हणजे बाबूजींसमोर, तो मला 'छोटे मालक, तुम्ही' म्हणायचा. विहिरीच्या पलीकडे गेलो की 'अबे तू'. धावायचा असा, की बागेच्या वरच्या टोकाला पाटाच्या दांडाचं पाणी फुटलं आणि खालून हाक मारली तर हाक संपायच्या आत फावडं घेऊन तिथं उभा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला सौंसरला रस्त्यावरची सोळा किलोमीटरची शर्यत ठरली. पहिले दोघं पुढच्या निवडीला जाणार होते. तिथलं प्रमाणपत्र हाती असलं तर वनरक्षकाच्या भरतीत नाव वर येतं, असं जंगल खात्यातल्या एका बाबूनं त्याला सांगितलं होतं. त्याच्या घरात तोवर कुणाला महिन्याचा पगार मिळाला नव्हता. आई आमच्याच बागेत निंदणाला यायची, वडील वारले होते. भरतीचं वय सरायला त्याच्याकडे दोन वर्षं उरली होती.

"खाकी घातली की पयले तुह्याच बागेत येतो," तो म्हणायचा. "लाकडं कायले तोडली म्हणून तुह्या बापाले पकडतो."

"अन मला?"

"तुले सोडून देईन. तू साधा माणूस आहेस, तुह्यानं लाकूड बी तुटत नाई."

फेब्रुवारीत आम्ही दोघं बसनं पांढुर्ण्याला गेलो. म्हणायला कॅनव्हासचे बूट घ्यायला, खरं तर मागच्या वर्षी पहिला आलेला तिथला मुलगा सराव करताना बघायला. स्टेशनजवळच्या मैदानावर तो पळत होता. पाय जमिनीला लागल्याचा आवाज येत नव्हता. येताना बसमध्ये हा गप्प होता आणि मी बडबडत होतो. भीती वाटायला लागली की माझं तोंड असं सुटतं. एरवी मी बोलणारा माणूस नाही.

तेव्हापासून मी एक वही केली. शाळेच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर मागून आणला. साडेसहाला किती, आठला किती, दहाला किती. मार्च पुढे सरकला तसा दहाचा आकडा असा चढायला लागला की लिहिताना पेन्सिल दाबून धरावी लागे. वारा जाताना तोंडावर असतो, येताना पाठीवर. म्हणजे परतीला वाऱ्याचा गारवाही नाही. साडेसहाला कडुनिंबांची सावली सगळ्या रस्त्यावर असते, साडेनवाला ती बुंध्याशी येऊन बसते. परतीच्या वाटेवर सौंसर तीन किलोमीटर उरलं की एक चढ आहे, तिथं झाडच नाही. पण शर्यत साडेसहाला सुटणार होती. तासाभरात खेळ खलास. तो चढ येईल तेव्हा ऊन कोवळंच असेल. मी हे रोज स्वतःला सांगायचो आणि रोज पुन्हा थर्मामीटर बघायचो.

एवढी तयारी करूनही मला वाटायचं, त्या पांढुर्ण्याच्या मुलाला हरवायला अजून काही तरी लागेल.

आमच्याकडे संत्र्याच्या झाडाला ताण देतात. डिसेंबरात पाणी तोडायचं. झाड मलूल होतं, पानं वळतात, काही पिवळी पडून गळतात. मग जानेवारीत पाणी सोडलं की तेच झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. ज्याला ताण बसला नाही ते नुसतं हिरवंगार राहतं. आणि मध्येच कुणी चुकून पाणी सोडलं तर ताण मोडतो, त्या झाडाचा बहार गेला.

बाबूजी म्हणायचे, "ताण द्याले छाती लागते. मालकाचा हात सारखा विहिरीकडं जाते. तो बांधून ठेवता आला पायजे." आणि याच्या पाठोपाठ हेही म्हणायचे, "पण मुरमाड जमिनीतल्या झाडाले कमी ताण. नाई तर बहार राहिला बाजूले, झाडच जाते."

हे दुसरं वाक्य मी ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. बागेच्या मुरमाड कडेची चार झाडं त्याच हिवाळ्यात ताणानं वाळली होती आणि ती मीच तोडली होती.

तरी फेब्रुवारीच्या शेवटी, बाग फुलून वास सुटलेला असताना, मी त्याला म्हटलं, "माणसालाही ताण देता येईल. आदल्या दुपारपासून पाणी बंद. शर्यत संपली की रेषेवर ताण तोडायचा. अंगातली सगळी ताकद एकदम फुटेल."

तो दांडात उभा होता, घोट्यापर्यंत पाण्यात. "म्हणजे मले झाड समजून राहिला का बे?"

"बघ तरी करून."

"अन फुलं कुठं येतीन मले? कानात?"

तो हसला, पण ऐकलं. तेव्हा पळण्याआधी पाणी प्यायलं की पोट जड होतं असं सगळेच म्हणायचे, त्यामुळे आम्हाला कुणी अडवलंही नाही. त्याचा विश्वास माझ्यावर नव्हता, ताणावर होता. ती गोष्ट त्यानं दर वर्षी स्वतःच्या फावड्यानं केली होती. मार्चच्या गार सकाळी दोनदा करून पाहिलं आणि दोन्ही वेळा तो आधीपेक्षा लवकर आला. आता कळतं, तो सरावाचा फायदा होता. मी बाबूजींना सांगितलं, ताणाचा आहे. ते म्हणाले, "दोनदा नापास झालेल्यानं आता माणसाईची बाग लावली म्हणायची." मला ते खूप लागलं.

शर्यतीच्या दिवशी पावणेसहाला आम्ही सायकलवर डबलसीट सौंसरला पोचलो. आदल्या दुपारी बारापासून त्याचं पाणी बंद होतं. पाच लिटरची कॅन मी लिंबूसाखरेचं पाणी भरून कॅरिअरला बांधली होती, ताण तोडायला. हवा छान होती. मी थर्मामीटर बघितला, आकडा वहीत लिहिला. वहीतला तो शेवटचा आकडा.

साडेसहा वाजून गेले. माइकवर एक जण हिंदीत सांगत होता, मुख्य अतिथी छिंदवाड्याहून निघाले आहेत, धीर धरा. सात वाजले. साडेसात. पळणारी मुलं रस्त्याच्या कडेला बसली, कुणी पोहे खाल्ले, कुणी चहा घेतला. पांढुर्ण्याच्या त्या मुलानं हातपंपाला तोंड लावून पोटभर पाणी प्यायलं, मग डोकंही धारेखाली धरलं.

"बघ," मी म्हटलं, "पोट जड करून घेतोय."

हा पंपाकडे बघत राहिला. कडुनिंबाची सावली आखडत होती. मी तिच्याकडे बघायचो आणि नजर काढून घ्यायचो. खिशात थर्मामीटर होता, त्याला हात लागला की चटका बसल्यासारखा हात बाहेर काढायचो. हा सावलीबरोबर सरकत झाडाच्या बुंध्याशी जाऊन टेकला.

साडेआठला म्हणाला, "एक घोट घेऊ का बे? जीभ चिकटून राहिली."

सगळं सांगून टाकायला बसलो आहे तर हेही नीट सांगतो. साडेसहाच्या हवेसाठी केलेली तयारी साडेआठच्या उन्हात चालत नाही, हे मला कळत होतं. त्या सगळ्या गर्दीत हे आकड्यांनिशी माहीत असलेला मी एकटाच माणूस होतो. पण तो पाणी प्यायला आणि जिंकला, तर ताणाचं नाव राहणार नव्हतं. बाबूजी म्हणाले असते, पोरगा पळाला, तू काय केलं? मला तो जिंकायला हवा होता, पण माझ्या ताणानं.

मी म्हटलं, "वीस तास काढलेस. आता मोडलास तर सगळं गेलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "बरं," म्हणाला.

शर्यत पावणेदहाला सुटली. हारतुरे झाले, भाषण झालं, मग झेंडी. मी सायकल घेऊन त्या बिनझाडाच्या चढावर जाऊन थांबलो. तिथून त्याला वेळ ओरडून सांगायची असं ठरलं होतं. डांबर मऊ झालं होतं, सायकलचा स्टँड त्यात रुतला.

पहिला पांढुर्ण्याचा मुलगा आला, घामानं निथळत. त्याच्या मागे शंभरेक पावलांवर हा. दुसरा! दुसरा नंबरही पुरणार होता. मी ओरडलो. तो जवळ आला तेव्हा मला दिसलं की त्याच्या अंगावर घामाचा थेंब नाही. कपाळ कोरडं, गळा कोरडा, कातडी लाल. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, ताण बसला.

पुढच्या वीस पावलांत तो रस्ता सोडून डावीकडे गेला, परत उजवीकडे आला, दारू प्यायलेल्या माणसासारखा. गिट्टीच्या ढिगावर पडला. ओकला. मी धावत गेलो तर मला "माय" म्हणाला. सायकलकडे पळत आलो, कॅनची दोरी सोडायला लागलो. गाठ मीच मारली होती, पक्की, पाणी हिंदकळू नये म्हणून. ती सुटेना. दातांनी ओढली तरी सुटेना. माझ्या आधी एका ट्रॅक्टरवाल्यानं त्याला उचललं.

सरकारी दवाखान्यात त्याला सलाईन लावलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पाणी कधीपासून नाही? मी म्हटलं, सकाळपासून. डॉक्टर म्हणाले, सकाळपासूनच? मी मान हलवली. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी त्याला वाचवलं. दोन दिवस लघवी चहासारखी होती. वर्षभर पळायचं नाही असं सांगितलं.

पण मला जे सांगायचं आहे ते दवाखान्याच्या व्हरांड्यातलं आहे. तिथं बरीच माणसं जमली होती, आमच्या गावची, त्याच्या मोहल्ल्यातली, काही पांढुर्ण्याची. नावं लिहून घेणारे खेळाचे सर आले. त्यांनी त्याला झोकांड्या खाताना पाहिलं होतं. मला म्हणाले, "पेला होता का रे तो? मोहाची?"

नाही म्हटलं असतं तर ते पुढे विचारणार होते, मग झालं काय?

मी म्हटलं, "मला काय माहीत, सर."

तेवढंच. त्यावर सरांनी एक 'हं' केलं आणि व्हरांड्यातल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावात गोष्ट पोचली: शर्यतीला पिऊन गेला होता.

त्यांचं घर बौद्ध. त्याच्या वडिलांनी पंचशील घेतलं त्या दिवशी दारूची हंडी फोडली होती आणि मरेपर्यंत थेंबाला शिवले नव्हते. आमच्या घरात पाचवं शील मोडत नाही, हे त्याची आई निंदताना दुसऱ्या बायांना सांगायची, जरा मोठ्यानंच. तीच बाई त्या दुपारी शेतातून तशीच आली, हाताला माती. व्हरांड्यात सगळ्यांच्या मधोमध माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबू, तू त सोबत होतास. पेला होता का माहा पोरगा?"

"मावशी, मी रात्री त्याच्यासोबत नव्हतो."

यातला शब्द न शब्द खरा होता. मी रात्री माझ्या घरी होतो. असं खरं बोलता येतं हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली.

विहारात तिला कुणी काही बोललं नाही. पण ती मागच्या ओळीत बसायला लागली, असं नंतर कुणाकडून तरी ऐकलं. पुढच्या वर्षी त्यानं शर्यतीत नाव दिलं तेव्हा सरांनी त्यावर रेघ ओढली. पिणाऱ्याला नाही, म्हणाले. मी तिथंच होतो. भरतीचं वय गेलं. तो पांढुर्ण्याला निघून गेला, संत्र्याच्या पेट्या भरायच्या कामावर.

त्यानं मला कधी काही विचारलं नाही. मी समजत आलो की मालकाचा पोरगा म्हणून तो गप्प राहिला, आई आमच्याच बागेत कामाला होती म्हणून. ही समजूत मला बोचायची, पण तिच्यात माझी सोयही होती. तो बोलत नाही तोवर मलाही बोलायचं नव्हतं. पांढुर्ण्याला माल घेऊन जायची वेळ आली की मी दुसऱ्याला पाठवायचो. अशी वर्षं गेली. बाबूजी गेले. माझे केस पिकले.

दोन वर्षांपूर्वी पाठवायला कुणी नव्हतं, म्हणून मीच गेलो. तो पेट्यांच्या थप्पीजवळ होता. जाड झालेला, चष्मा लागलेला. मला पाहून उठला.

"या मालक, बसा."

'तुम्ही' ऐकून मी उभाच राहिलो. चहा आला. चहा निवला. मी कसाबसा म्हणालो, त्या शर्यतीबद्दल बोलायचं आहे. तो एकदम दुसरीकडे बघायला लागला.

"मालूम हाय मले," तो म्हणाला. "तुम्हाले तवाच समजलं असन. मी पेलो होतो."

"काय?"

"पाणी. त्या दिवशी पाहाटं, तुम्ही यायच्या आधी. विहिरीवर गेलो, राहवलं नाई. दोन ओंजळी. तुम्ही येवढी मेहनत केली, चाकं मोजली, अन मी दोन ओंजळीसाठी ताण मोडला. म्हणून पडलो. कोणत्या तोंडानं सांगू? दारूचं बोलले लोक, म्हटलं बोलू द्या. पाण्यानं पडलो हे सांगाले त्याच्याहून लाज वाटे."

इतकी वर्षं मला वाटत होतं की तो माझा अपराध झाकतोय. तो स्वतःचा झाकत होता, आणि तो अपराधच नव्हता. बाजूला एक जण पेटीत गवत अंथरत होता, त्याला थांबायला सांगावं असं मला उगाच वाटलं.

मग मी सांगितलं. ताण झाडाला असतो, माणसाला नसतो. डॉक्टरांना मी किती तास ते खोटं सांगितलं. बाबूजींची मुरमाड जमिनीची गोष्ट. साडेआठला मला काय कळत होतं आणि मी का नाही म्हटलं. सरांना काय म्हणालो. सगळं उलटसुलट सांगत होतो, मागचं पुढं, पण काही ठेवलं नाही.

त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"अबे," तो म्हणाला, "मंग त्या दोन ओंजळीनंच वाचलो म्हण मी."

"हो."

"अन मी जनमभर त्या दोन ओंजळीले शिव्या देऊन राहिलो." तो हसायला लागला, पण ते हसू मधेच थांबलं. चष्मा डोळ्यांवर चढवून तो उठला. "मले सांगतलं ते ठीक. माय गावीच हाय, घर सोडत नाई. तिले जाऊन सांग. अन फोनवर नको सांगू."

मी गावी परतलो तरी चार दिवस गेलो नाही. आमच्या घरापासून तिचं घर चालत दहा मिनिटांवर. दोनदा वळणापर्यंत जाऊन परत आलो. पाचव्या दिवशी सकाळी गेलो. ती ओट्यावर लसूण सोलत बसली होती. समोर एक बाई धान्य पाखडत होती, पलीकडे दोन मुलं मोटरसायकल पुसत होती. मी तिच्याजवळ वाकून हळू आवाजात म्हणालो, "मावशी, त्या दिवशी तो पेला नव्हता."

"का म्हणतं? मोठ्यानं बोल बाबू. मले ऐकू नाई येत आता."

मी जरा मोठ्यानं म्हणालो. तिनं कानामागे हात धरला आणि मान हलवली. समोरचं सूप थांबलं.

आयुष्यात मी कधी ओरडून बोललो नव्हतो. त्या चढावर एकदा ओरडलो होतो तेवढंच. "मावशी, तो पेला नव्हता! दारू नव्हती! मीच त्याले पाणी पेऊ देलं नाई, अन मीच गप्प बसलो!"

मोटरसायकलजवळची मुलं वळून बघायला लागली. तिनं लसणाची पाकळी ताटलीत ठेवली, हात लुगड्याला पुसले.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "माह्या पोराले मी वळखत नाई का? तुले इचारलं ते माह्यासाठी नाई इचारलं, बाबू. लोकाईसमोर इचारलं होतं."

तिनं गल्लीत एकदा इकडून तिकडं पाहिलं, मग विहाराच्या बाजूच्या घराकडे हात केला. तिथं दारात एक म्हातारी पाठमोरी बसली होती.

"ती त्या दिवशी दवाखान्यात होती," ती म्हणाली. "तिनं नाई ऐकलं. पुन्हा म्हण."

मी गल्लीच्या मधोमध गेलो आणि पुन्हा म्हणालो.